माघारी बोलावणे

धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी द्वितीय वर्षाच्या उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. तो विंझरहून बोलत होता. "दादा, कंपनीचं पत्र आलंय. गाडी माघारी बोलावलीय." मी काही विचारण्याआधीच पाठीमागून आबांचा आवाज ऐकू आला, "हप्ते फिटल्यात ना? मग कशी नेत्यात?"

आबांना समजावून सांगायला भावाला पुढची दहा मिनिटे लागली. मला मात्र तो गैरसमज वाटला नाही. मराठीत बोलावणे येते ते तीन-चार ठिकाणांहून. सासुरवाशिणीला माहेरचे बोलावणे येते, तंटा झाला की चावडीवरून येते, म्हातारपणी 'वरचे' येते. यांपैकी कोणत्याही बोलावण्यात बोलावणाऱ्याची चूक नसते. ज्याला बोलावले त्याचा मान तरी असतो, गुन्हा तरी किंवा शेवट तरी. 'आमच्या हातून चुकले आहे, म्हणून तुम्ही या' अशा अर्थाचे बोलावणे आपल्या भाषेने फारसे पाहिलेले नाही. म्हणूनच बहुधा वर्तमानपत्रेही 'रिकॉल' हाच शब्द देवनागरीत लिहून मोकळी होतात. इंग्रजीत त्या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, 'आठवणे'. ते पत्र माझ्यासाठी या दुसऱ्या अर्थाने किती आले होते, हे मला त्या दिवशी कळले नव्हते.

गाडीविषयी आधी थोडे सांगितले पाहिजे. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मार्गासनी मागे पडली की विंझर येते. गिर्यारोहक मंडळी या रस्त्याने नेहमी जातात. कुणी साखर-गुंजवण्याकडे वळून राजगडाला, कुणी सरळ वेल्ह्यापर्यंत जाऊन तोरण्याला. सरकारी कागदांत या तालुक्याला आता राजगडाचे नाव मिळाले आहे. आमच्या घरात अजून तो वेल्हे तालुकाच आहे. आमचे घर गावठाणात नाही. भाताची खाचरे ओलांडून डोंगराच्या सोंडेवर चढणाऱ्या कच्च्या वाटेच्या टोकाला ते आहे. आषाढ-श्रावणात त्या वाटेचे काय होते, हे मावळात पावसाळा काढलेल्यांना वेगळे सांगायला नको. आबांच्या गुडघ्यांनी जवाब दिल्यावर आणि एकदा त्यांना रात्री झोळीतून खाली आणावे लागल्यावर आम्ही दोघा भावांनी मिळून चारही चाकांना ताकद देणारी, हाताने गिअर टाकायची गाडी घेतली. कोणत्या कंपनीची, हे येथे सांगत नाही. त्याने या हकिकतीत काही फरक पडत नाही. भावाला चिखलात गाडी चालवण्याचे धाडस नव्हते आणि मी शहरात. तेव्हा खालच्या वाडीतला एक विशीतला मुलगा चालक म्हणून ठेवला. मालाच्या पिकअप गाडीवर त्याने तीन वर्षे काढली होती.

तो मुलगा कमी बोलत असे. गाडी घेतल्याला वर्षही झाले नसेल तेव्हाची गोष्ट. मी सुटीला गेलो होतो. चढ चढून दारात गाडी उभी केल्यावर तो खाली उतरला आणि मला म्हणाला, "सर, मी क्लच सोडतो, पर क्लच मला सोडत न्हाई."

मी हसलो. मला ते वाक्य फार आवडले. मी ते वहीत टिपून ठेवले आणि पुढच्याच आठवड्यात वर्गात सांगितले. बोलीभाषेत वाक्चातुर्य कसे सहज येते, कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल करून सामान्य माणूस यंत्राशी असलेले आपले नाते कसे उलटे करून दाखवतो, वगैरे. विद्यार्थ्यांनाही ते आवडले. एका मुलीने तर ते उत्तरपत्रिकेत लिहिले आणि मी तिला गुण दिले. त्या मुलाने मला उत्तर मागितले होते, आणि मी त्याला दाद देऊन परत पाठवले होते.

पुढच्या आषाढात व्हायचे ते झाले. आबांना तपासणीसाठी पुण्याला न्यायचे होते. परतताना मुलाने पाबे घाटाची वाट घेतली. घाटाच्या मधल्या वळणावर जळल्याचा वास येऊ लागला. इंजिन ओरडत होते आणि गाडी जागची हलत नव्हती. धुके, संततधार आणि मागच्या सीटवर ऐंशीच्या घरातले आबा. मुलाने गाडी बाजूला घेतली, चाकांमागे दगड लावले आणि पावसात भिजत चालत जाऊन मदत आणली. आबा सुखरूप घरी पोहोचले. गाडी दुसऱ्या दिवशी दोराने ओढत न्यावी लागली.

कार्यशाळेतल्या गृहस्थांनी गाडीखाली बघून पाच मिनिटांत निदान केले, 'प्लेट जळाली. ड्रायव्हर हाफ क्लचवर चालवतो.' क्लचची प्लेट झिजणारी वस्तू असल्यामुळे तिला हमीचे संरक्षण नसते. बिल मोठे होते. मी शनिवारी गावी गेलो आणि विंझरच्या स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर, सात-आठ माणसांसमोर, त्या मुलाला बोललो. माझे वाक्य मला आजही शब्दशः आठवते. "पिकअप हाकणाऱ्याच्या हातात गाडी दिली, ही आमची चूक." मी वर्गात उच्चार सांभाळून बोलतो, ते वाक्यही तसेच स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असे बोललो. त्याच्या दोन महिन्यांच्या पगारातून निम्मी रक्कम कापून घेतली. तो काही बोलला नाही. महिनाअखेर काम सोडून गेला.

क्लच ही वस्तू कशी चालते, हे मला तोपर्यंत माहीत नव्हते. पत्र आल्यावर मी ते समजून घेतले. इंजिन सतत फिरत असते. चाकांना कधी फिरायचे असते, कधी थांबायचे असते. या दोघांमध्ये क्लच हा मध्यस्थ आहे. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाचे जड चक्र असते. त्याच्यावर घर्षणाचे अस्तर असलेली प्लेट बसते आणि तिला मागून प्रेशर प्लेट एका मोठ्या तबकडीसारख्या स्प्रिंगच्या जोराने दाबून धरते. हा दाब पूर्ण असतो तेव्हा इंजिनाची सगळी ताकद पुढे जाते. आपण पेडल दाबतो तेव्हा नळीतले तेल पुढे सरकते, त्याच्या जोराने एक बेअरिंग स्प्रिंगवर रेटले जाते आणि प्लेट सुटी होते. पाय उचलला की तेल मागे यावे, बेअरिंग मागे यावे आणि स्प्रिंगने प्लेट पुन्हा गच्च धरावी, अशी रचना आहे. अर्धवट धरलेली प्लेट घसरते, घसरली की तापते, तापली की जळते. 'हाफ क्लच' म्हणजे ही अर्धवट अवस्था. गाडी हलवताना ती क्षणभर लागतेच. पण पेडलवर पाय ठेवून चढ चढणारा चालक ती लांबवतो, आणि प्लेट खातो. कार्यशाळेचे निदान शास्त्राला धरूनच होते. जळलेली प्लेट पाहून कोणीही तेच म्हणाले असते.

कंपनीच्या पत्रात जे लिहिले होते त्याचा सारांश असा. ठरावीक काळात बनलेल्या काही गाड्यांत क्लचला दाब देणाऱ्या सिलिंडरमधला एक भाग मापात चुकलेला आहे. त्यामुळे पेडल सोडल्यावरही दट्ट्या पूर्णपणे मागे येत नाही आणि क्लच पूर्ण बसत नाही. म्हणजे चालकाने पाय उचलला, तरी जणू दुसरा एक पाय पेडलवर तसाच राहतो. हे वाक्य मी दोनदा वाचले. तिसऱ्यांदा वाचताना माझ्या लक्षात आले की हे मी आधी ऐकले आहे, आणि अधिक चांगल्या मराठीत. 'मी क्लच सोडतो, पर क्लच मला सोडत न्हाई.' त्या वाक्यात कोणताही अलंकार नव्हता. ते दोषाचे नेमके, तांत्रिक वर्णन होते.

साहित्य शिकवणाऱ्या माणसाला हा आजार जडतो की काय, असे मला त्यानंतर अनेकदा वाटले आहे. आपण विद्यार्थ्यांना सांगतो की शब्दाच्या मागे पाहा, वाच्यार्थावर थांबू नका, लक्षणा-व्यंजनेपर्यंत जा. सल्ला चुकीचा नाही. पण आपल्या काव्यशास्त्रानेच एक अट घालून ठेवली आहे: मुख्यार्थाला बाधा आली तरच लक्षणेकडे वळायचे. 'गंगेवर गवळीवाडा' म्हटले की प्रवाहावर वस्ती असू शकत नाही, म्हणून काठ घ्यायचा. हे उदाहरण मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. त्या मुलाच्या वाक्यात मुख्यार्थाला कसलीही बाधा नव्हती. ती मी कल्पिली. का कल्पिली, तर बोलणारा खालच्या वाडीतला पोरगा होता आणि त्याला यंत्रातले काही कळत असेल हे मी गृहीतच धरले नव्हते. त्याच्याकडून मला चमत्कृती अपेक्षित होती, माहिती नव्हे.

असो. अशा बोलावण्यांचा इतिहास मी मग वाचून काढला. अमेरिकेत १९६५ साली राल्फ नेडर यांचे मोटारींच्या असुरक्षिततेवरचे पुस्तक आले आणि १९६६ साली तेथे वाहन-सुरक्षेचा कायदा झाला. त्याआधी अपघात म्हणजे चालकाचा दोष हीच सर्वसाधारण समजूत होती. दोष गाडीतही असू शकतो, हा विचार त्या काळात रुजला. आपल्याकडे वाहन-उत्पादकांच्या संघटनेने २०१२ साली ऐच्छिक संहिता केली. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याखालचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या सदोष गाड्या माघारी बोलावण्याचा आदेश आता सरकार देऊ शकते.

क्लचच्या भोवतीची दोन उदाहरणे सार्वजनिक नोंदीत आहेत. आमची गाडी या दोन्हींपैकी नव्हे, हे स्पष्ट करतो. अमेरिकेत जीप कंपनीने हाती गिअरच्या रँग्लर आणि ग्लॅडिएटर या गाड्या क्लचची प्रेशर प्लेट तापून फुटण्याच्या आणि आग लागण्याच्या धोक्यामुळे बोलावल्या. २०२० आणि २०२१ साली बोलावून झाल्यावर २०२३ साली पुन्हा सुमारे ६९ हजार गाड्या बोलावल्या गेल्या. दुसरे उदाहरण आपल्या पुणे जिल्ह्याच्या जवळचे आहे. डिसेंबर २०२२ मध्ये महिंद्र कंपनीने हाती गिअरच्या १२,५६६ एक्सयूव्ही ७०० आणि ६,६१८ स्कॉर्पिओ-एन गाड्या तपासणीसाठी बोलावल्या. या गाड्या १ जुलै ते ११ नोव्हेंबर २०२२ या काळात बनलेल्या होत्या. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या, क्लच ज्यात बसतो त्या आवरणातला रबरी बेलो तपासायचा होता. कंपनीने दिलेले कारण असे की भाग पुरवणाऱ्याच्या कारखान्यात सुटे भाग निवडून वेगळे करण्याच्या कामात चूक झाली. कोठेतरी एका टेबलावर योग्य आणि अयोग्य रबर वेगळे करताना गफलत होते, आणि एकोणीस हजारांवर माणसांना निरोप जातात. कंपनीने स्वतःहून तारखा सांगितल्या, आकडा सांगितला, कारण सांगितले आणि काम विनामूल्य करून दिले जाईल असे जाहीर केले. चूक मान्य करण्याचा हा इतका कोरडा आणि इतका नेमका प्रकार वाचून मला स्वतःची लाज वाटली.

ग्रंथव्यवहारात याला आपल्याकडे शुद्धिपत्र म्हणत. जुन्या मराठी पुस्तकांत शेवटी एक पान असे: पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध. त्या पानावर क्षमायाचना क्वचितच असे. फक्त चार रकाने. त्याहून मोठे उदाहरण एकनाथांचे. ज्ञानेश्वरीच्या प्रती नकलकारांच्या हातांतून जाता जाता पाठभेदांनी अशुद्ध झाल्या होत्या. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, ग्रंथ शोधून त्याची शुद्ध प्रत सिद्ध केली. पण नाथही गावोगावी पसरलेल्या अशुद्ध प्रती घरोघर जाऊन दुरुस्त करू शकले नसणार. शुद्ध प्रत तयार होते आणि अशुद्ध प्रतीही कुठल्यातरी बासनात आपले आयुष्य जगत राहतात. बोललेल्या शब्दाच्या बाबतीत तर नोंदवहीही नसते. आपल्याकडे 'शब्द मागे घेतो' असे म्हणतात खरे. पण ते बहुतेक वेळा सभागृहात, इतिवृत्तासाठी. ऐकणाऱ्याच्या कानातून तो कसा मागे घ्यायचा, याची पद्धत कोणी घालून दिलेली नाही.

ठरलेल्या दिवशी भाऊ गाडी पुण्याला घेऊन गेला. मीही तेथे पोहोचलो. सिलिंडर बदलला, प्लेट तपासली, सही घेतली. आधीच्या बिलाची रक्कम मिळावी म्हणून अर्ज भरून दिला. काही आठवड्यांनी ती जमा झाली. अर्जात वाहन क्रमांक, चासी क्रमांक, बिल क्रमांक असे रकाने होते. चालकाविषयी रकाना नव्हता. तो असण्याचे कारणही नव्हते. तो हिशेब माझा होता.

मुलगा नसरापूरला एका दूध संकलनाच्या गाडीवर असल्याचे कळले. मी रविवारी सकाळी चेलाडी फाट्यावर थांबलो. तो आला, गाडी बाजूला लावली, 'सर' म्हणून नमस्कार केला. मी पत्र काढून त्याला दाखवले आणि काय लिहिले आहे ते सांगितले. तो ऐकत होता. मग म्हणाला, "पायाला कळत व्हतं. वर आलं की शेवटचं बोटभर पेडल पोकळ लागायचं. मी म्हनलं व्हतं तुमास्नी."

"हो, म्हणाला होतास," मी म्हणालो. ते वाक्य मी वर्गात कसे वापरले, हे त्याला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

मी कापलेल्या पगाराचे पाकीट पुढे केले. असल्या प्रसंगी मोठ्या मनाने नकार देणारी माणसे मी कथांत पुष्कळ वाचली आहेत. त्याने पाकीट घेतले, नोटा मोजल्या आणि "बरोबर हाय," म्हणाला. मला त्या क्षणी फार हायसे वाटले. माझे काम झाले असे समजून मी माफीचे दोन शब्द बोलू लागलो, तेव्हा त्याने मला थांबवले.

"मला हितं सांगून काय उपेग, सर? मला म्हाईतच हाय. तुमी टपरीवर बोल्ला व्हता. तितं सांगा. त्येच्यानंतर दोन ठिकाणी काम मागितलं, तर म्हनलं, तू क्लच जाळतोस."

एवढे बोलून तो गेला. दूध थांबत नाही.

कंपनीने प्रत्येक ग्राहकाला पत्र का पाठवले, हे मला त्या फाट्यावर उमगले. सदोष वस्तू जेथे जेथे पोहोचली, तेथे तेथे निरोप पोहोचवावा लागतो; कारखान्याच्या दारावर सूचना लावून भागत नाही. माझी सदोष वस्तू एक वाक्य होते आणि ते सात-आठ जणांकडे पोहोचले होते. त्यांच्याकडून आणखी कोणाकडे गेले, याची यादी माझ्यापाशी नव्हती.

पुढच्या शनिवारी मी टपरीवर गेलो. दोष शोधून काढणे आणि तो चारचौघांत सांगणे यांत किती अंतर असते, हे त्या अर्ध्या तासात कळले. मी चहा मागवला, पावसापाण्याचे बोललो, भाताच्या लावणीचे बोललो. शेवटी एकदम म्हणालो, "मागं मी त्या पोराला इथं बोललो होतो. चूक त्याची नव्हती. गाडीतच दोष होता, कंपनीनं लिहून दिलंय. त्यानं मला आधी सांगितलंही होतं, मी ऐकलं नाही." कोणी काही बोलले नाही. मग टपरीवाला म्हणाला, "आमाला वाटलंच व्हतं. पोरगं चांगलं चालवायचं." हे त्यांना त्या दिवशीही वाटत होते का, हे विचारण्याचा अधिकार मला नव्हता. सर बोलत असताना मध्ये बोलायचे नसते, हे त्यांना शाळेत आम्हीच शिकवले आहे.

वर्गातही सांगितले. तो वर्ग अर्थात आता पुढे गेला होता; ज्यांना मी चुकीचे शिकवले ती मुले पदवी घेऊन पांगली. नव्या वर्गाला लक्षणा शिकवताना मी गंगेवरच्या गवळीवाड्याशेजारी त्या मुलाचे वाक्य लिहिले आणि विचारले, येथे मुख्यार्थाला बाधा येते का? बहुतेकांनी हात वर केले. एक मुलगा मात्र म्हणाला, "नाही सर. आमच्या ट्रॅक्टरला असं झालं होतं."

त्या दिवशी टपरीवर असलेल्या माणसांपैकी मला आठवतात त्या पाच जणांना मी भेटून सांगितले आहे. एक जण मुलाकडे शहरात राहायला गेला. त्याचा पत्ता अजून मिळालेला नाही. एक जण गेल्या माघात वारला. तो त्या मुलाला क्लच जाळणारा समजूनच गेला. त्याला आता निरोप पोहोचवता येणार नाही.

आबा अजून अधूनमधून विचारतात, "न्हेली न्हाई ना गाडी?" भाऊ सांगतो, नाही, दुरुस्त करून दिली. सध्या ती भाऊच चालवतो, सावकाश. मुलाला परत ये म्हणून मी दोनदा निरोप धाडला. तो आलेला नाही, आणि मीही आता पुन्हा बोलावणे धाडत नाही.